फक्त तुमचंच राहिलंय

पेढीचा मुनीम सेगावा गोड बोलायला लागला की किनुए सावध व्हायची. ओरडणारा माणूस परवडला, त्याच्या हातात काठी आहे की नाही एवढं तरी दिसतं. सेगावा दारातल्या पायरीवर टेकला, चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून चहाचं कौतुक केलं, सप्टेंबर आला तरी उकाडा हटत नाही म्हणाला, आणि मग पिशवीतून एक पाकीट काढून तिच्यापुढे अलगद सरकवलं.

"घाईचं काही नाही, किनुए-सान. सवडीनं वाचा."

सवडीनं वाचायच्या कागदात लिहिलं होतं की एक ऑक्टोबरपासून पेढी विणायची नक्षी फ्लॉपीवर देणार नाही. आता नवा डबा आलाय, तो मागाला जोडायचा, नक्षी फोनच्या तारेतून येईल. डब्याची किंमत आठ लाख ऐंशी हजार येन. तो विणकरानं घ्यायचा. एकरकमी जमत नसेल तर मजुरीतून कापून घ्यायची सोय पेढीनं आनंदानं केली आहे. ज्यांना तेही जमणार नसेल त्यांचा माग पेढी अत्यंत आदरपूर्वक परत घेईल.

आठ लाख ऐंशी हजार म्हणजे किनुएची अकरा महिन्यांची मजुरी.

"माझा कंप्युटर चालतोय की," ती म्हणाली.

"चालतोय ना. तुम्ही जपता म्हणून चालतोय. दुसऱ्या कुणाकडे असता तर केव्हाच भंगारात गेला असता." सेगावा हसला. "पण काय आहे, बाकी सगळ्यांनी नवा डबा घेतला. अगदी हौसेनं. फक्त तुमचंच राहिलंय. मला आपलं वाईट वाटतं, तुम्ही मागे पडाल म्हणून."

किनुए मान खाली घालून म्हणाली, "विचार करते." दारापर्यंत पोचवायला गेली. तो स्कूटरवर बसून वळणाआड होईपर्यंत वाकून उभी राहिली. आत आली आणि त्याचा पेला इतक्या जोरात विसळला की त्याच्या काठाचा टवका उडाला.

या धंद्यातली वाटणी एकदा नीट बघून घ्यावी. माग पेढीचा, कंप्युटर विणकराचा. रेशीम पेढीचं, वीज विणकराची. नक्षी पेढीची, डोळे विणकराचे. जे विकता येतं, मोजता येतं, काढून नेता येतं ते त्यांचं. जे झिजतं आणि बिघडतं ते विणकराचं. आणि ही वाटणी कुणी कुठं लिहिलेली नाही. लिहिली असती तर निदान फाडता आली असती.

तीस वर्षांपूर्वी, सासू मागावर बसायची तेव्हा, नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर यायची. ओबीच्या, म्हणजे किमोनोवर कमरेला बांधायच्या एका पट्ट्याला हजारो पुठ्ठे, दोऱ्यानं ओवलेले, मागाच्या माथ्यावरून लोंबणारे. एखादा पुठ्ठा उंदरानं खाल्ला तर दुसरा कापून त्याला भोकं पाडता यायची. मग ह्याच सेगावानं, तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते, कंप्युटर आणला. तेव्हाही तो ह्याच पायरीवर टेकला होता. "एकदा घ्या, आयुष्यभर बघायला नको." सासूनं पोस्टातली ठेव मोडली. पुठ्ठे रद्दीच्या टेम्पोत गेले. कुणाच्या आयुष्यभर, हे सासूनं विचारलं नाही. तिच्या आयुष्याला मात्र पुरला, ती चार वर्षांत गेली. नऊ वर्षांपूर्वी नवराही गेला. कंप्युटर राहिला.

आता तोही म्हातारा झाला होता. हवा दमट झाली की त्याच्या पोटातून सुक्या मासळीसारखा वास यायचा. आतल्या चण्याएवढ्या डब्या फुटून त्यांचा रस गळत होता. फ्लॉपीचा खण दहा मिनिटं नीट वाचायचा, मग त्याचा हिरवा दिवा पेटून तसाच राहायचा, आणि माग पाय उचललेल्या घोड्यासारखा जागच्या जागी उभा. किनुए फ्लॉपी बाहेर काढायची, पुसायची, फुंकर घालायची, परत सारायची. मागावर तेव्हा पाण्यात अर्ध्या बुडालेल्या चाकांची नक्षी होती. ओबी उलटी विणतात, सुलट बाजू खाली ठेवलेल्या आरशात बघायची. त्या आरशात तिला दोनदा दिसलं होतं की चाकाचा एक आरा कंप्युटरनं खाल्लाय. मग चार बोटं रेशीम धागा धागा उसवायचं. एका आऱ्यापायी अर्धा दिवस. उसवण्याची मजुरी मिळत नाही.

डबा घेतला नाही तर काय होतं, हे तिनं पलीकडच्या गल्लीत डोळ्यांनी बघितलं होतं. पेढीची माणसं आली, माग करवतीनं कापला, लोखंड एकीकडे लाकूड एकीकडे केलं आणि भंगाराच्या गाडीत भरलं. ती म्हातारी दारात उभी राहून त्या माणसांना थंड बार्लीचा चहा देत होती. ज्यांनी आपला हात कापला त्यांना रुमाल पुढे करावा तसा. किनुएला माग कापणाऱ्यांचा राग आला नव्हता तेवढा त्या चहाचा आला होता. अठराव्या वर्षापासून ती विणत होती, आधी दुसऱ्या मागांवर, मग सासूमागून ह्या मागावर, आता चौसष्टावं चालू होतं. दुसरं काही तिला येत नव्हतं आणि दुसरं काही शिकायची तिची इच्छाही नव्हती.

आता कुणीही शहाणा म्हणेल, अहो बाई, शेजारी जाऊन विचारा ना, तुम्ही डबा घेतला का, कसा आहे, परवडला का. तेवढं सोपं असतं तर ही गोष्ट सांगावी लागली नसती.

शेजारी मुकाई राहायचा. एकटा म्हातारा विणकर. एकतीस वर्षं भिंतीला भिंत. त्याचा माग किती वाजता सुरू होतो, त्याला खोकला कधी झाला, धोटा कधी अडकला, सगळं किनुएला कानानं ठाऊक. पण त्याचा माग तिनं कधी बघितला नव्हता आणि त्यानं तिचा. बघायचाच नसतो. नक्षी म्हणजे पेढीची अब्रू, ती परक्या डोळ्यांत जाऊ द्यायची नाही. म्हणून शेजाऱ्याच्या मागाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, काय विणता विचारायचं नाही, कुणासाठी विणता हे तर मुळीच नाही. सेगावाची स्कूटर मुकाईच्या दारात पंधरा मिनिटं उभी राहायची, मग किनुएच्या दारात, मग समोरच्या तेरुयोच्या. सगळ्या गल्लीला दिसायची आणि कुणीही बघितलेली नसायची. महिनाअखेरीला माल पोचवायलाही पेढीनं प्रत्येकाला वेगळी वेळ दिलेली. किनुएची साडेदहा. "तुम्हाला ताटकळत बसायला नको म्हणून," असं पेढी म्हणायची. चार विणकर एका खोलीत ताटकळले तर काय बोलतील, हे पेढीला बरोबर ठाऊक होतं.

त्यामुळे "बाकी सगळ्यांनी घेतला" हे किनुएला खरं वाटलं. भिंतीपलीकडे मुकाईचा माग चालायचा, थांबायचा, ठाप असा आवाज व्हायचा, परत चालायचा. तिला वाटायचं, नव्या डब्याची सवय व्हायचीय म्हाताऱ्याला.

पंचवीस तारखेला तेन्जिनच्या देवळाचा बाजार भरतो. किनुए सकाळीच गेली. जुन्या किमोनोंचे ढीग, फुटक्या वाडग्यांचे संच, लोखंडी किटल्या, कुणाच्या तरी आजोबांची पदकं. देवळामागच्या कोपऱ्यात एका जुन्या बाजारवाल्यानं निळी ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर, दोन बाहुल्यांच्या मध्ये, तिच्याच कंप्युटरचा जुळा भाऊ बसला होता. तोच पिवळट रंग, तेच दोन खण. 

"चालतो का?"

"सकाळी लावून बघितलाय," जुना बाजारवाला म्हणाला. "पाच हजार. घासाघीस नको, ऊन फार आहे."

आठ लाख ऐंशी हजार कुठे आणि पाच हजार कुठे. किनुएनं वाकून एक टोक धरलं. त्याच वेळी दुसऱ्या टोकावर एक हात आला. बोटांच्या पेरांवर रेशमानं पाडलेल्या खाचा. विणकराचा हात. तिनं वर बघितलं तर मुकाई.

"अरे, किनुए-सान. फिरायला?"

"लोणची घ्यायला आले होते. तुम्ही?"

"मी पण लोणचीच."

लोणचेवाला दोनशे पावलं लांब होता. दोघं कंप्युटरची दोन टोकं धरून उभे.

"हा तुम्हाला हवा होता का?" मुकाई म्हणाला.

"छे, मला काय करायचाय. कुंडी ठेवायला बघत होते. उंची बरोबर वाटली. तुम्ही घ्या."

"नाही नाही. भाच्याला जुन्या वस्तूंची हौस आहे, म्हणून आपलं हात लावून बघितला. तुम्ही न्या कुंडीला."

"भाच्याला वाईट वाटेल."

"भाचा काय, दुसरं काही देईन त्याला. आधी तुम्ही."

"तुमचा हात आधी पडला."

"तुमचा."

किनुएनं हात काढला. मुकाईनंही काढला. मग दोघांनी एकमेकांना वाकून परत हात लावला, परत काढला. तिसऱ्यांदा वाकून सरळ होतात तोवर पाठीवर पिशवी टाकलेला एक चष्मेवाला आला, पाच हजारांच्या नोटा टेकवल्या आणि कंप्युटर काखोटीला मारला. "ह्यावर जुने खेळ मस्त चालतात," तो जाता जाता म्हणाला.

जुना बाजारवाला नोटा कमरपट्ट्यात खोचत म्हणाला, "कुंडीही गेली आणि भाचाही गेला. आता दोघं लोणची घ्या."

दोघं एकाच वाटेनं घरी निघाले. किनुए आतून उकळत होती. पाच हजारांत आयुष्य परत मिळत होतं आणि आपण ते वाकून वाकून दुसऱ्याला देऊन टाकलं. सभ्यपणा. ह्या सभ्यपणाला जाळायला हवं. आणि ह्या माणसाला जुना कंप्युटर कशाला हवा होता, ह्याच्याकडे तर नवा डबा आहे. घर वीस पावलांवर आलं तेव्हा तिनं एकतीस वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुमचा नवा डबा कसा चालतोय?"

मुकाई थांबला. "कुठला डबा?"

"पेढीचा. नक्षीचा."

"मी कुठून घेणार. नवा तुम्ही घेतलाय ना. सेगावानंच सांगितलं मला. म्हणाला, किनुए-सान पहिल्याच दिवशी तयार झाल्या, बाईमाणूस असून हिंमत बघा. आता फक्त तुमचंच राहिलंय."

"हेच शब्द?"

"हेच. माझ्या पायरीवर बसून. वर म्हणाला, मला आपलं वाईट वाटतं."

किनुएनं ओठ घट्ट मिटले. बोलली असती तर शिवी आली असती, आणि भर गल्लीत ती शिवी मुकाईच्या अंगावर पडली असती. तिला पंधरा मिनिटांची ती स्कूटर आठवली. माणूस एका दारात खोटं बोलतो, पंधरा पावलं चालतो, आणि दुसऱ्या दारात तेच खोटं गरम गरम वाढतो. त्याला भीती नाही, कारण त्याला पक्कं माहीत आहे की ही माणसं मरतील पण एकमेकांना विचारणार नाहीत. ते खोटं त्याचं एकट्याचं नव्हतंच. निम्मं आपलं होतं. आपण त्याला राहायला जागा दिली.

तिनं दार सरकवलं आणि म्हणाली, "आत या. मागाच्या खोलीत."

मुकाई घाबरला. "नको, नको. नक्षी दिसेल."

"दिसू दे."

"किनुए-सान, पेढीला कळलं तर—"

"कळू दे म्हणते ना. का मी तुमचा हात धरून आणू? गल्लीला करमणूक होईल."

तो चपला काढून आत आला, पण नजर जमिनीवर, जणू कुणाच्या न्हाणीघरात शिरलाय. मग आपोआपच त्याची नजर मागाखालच्या आरशावर गेली. बराच वेळ तो उकिडवा बसून आरशात बघत राहिला.

"चाकं," तो म्हणाला.

"हो. ही नक्षी फक्त तुमच्याच हाताला शोभते, असं सांगून दिलीय मला."

"मलाही असंच सांगून दिलीय." आरशावरून नजर न काढता तो म्हणाला. "माझी निळी आहेत."

मग त्यानं कंप्युटरकडे बघितलं, नाक पुढे केलं. "मासळी?"

"रोज दुपारी."

"माझा सकाळपासूनच. मी त्याला थोबाडीत मारतो, मग दहा मिनिटं चालतो."

ठाप. तो आवाज म्हणजे हा होता तर.

समोरच्या तेरुयोच्या दारात किनुए त्याच दुपारी गेली. तेरुयो म्हणजे कात्रीसारखी जीभ. तिनं आधी ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तीन आठवडे मला वाटत होतं की अख्ख्या गल्लीत मी एकटीच भिकारी. लाजेनं मासे घ्यायला दुसऱ्या बाजारात जात होते. आणि तुम्ही दोघं शहाणे वीस पावलांवर बसून तेच करत होतात?"

"तुम्हीही विचारलं नाहीत, तेरुयो-सान."

"तेच म्हणतेय. आपण सगळेच गाढव. पण गाढव निदान ओरडतं तरी."

मग किनुए कान देऊन चालली. ज्या घरातला माग चालून मध्येच थांबतो, त्या घराचं दार वाजवायचं. तिचं स्वतःचं धरून दोन गल्ल्यांत मिळून सात दारं निघाली. सातही पेढीची, सातही जुन्या कंप्युटरची, सातही जणांना तेच एक वाक्य सांगितलेलं. एकानं दार लावून घेतलं आणि दहा मिनिटांनी परत उघडलं. एकीचं तर डब्याचं कर्ज काढायचं ठरलं होतं, सोमवारी कागदावर सहीचा शिक्का मारायचा होता.

दुसऱ्या दिवशी किनुएच्या मागाच्या खोलीत सात कंप्युटर रांगेनं मांडले. असलं दृश्य त्या पेठेत कुणी बघितलं नव्हतं. केसापेक्षा बारीक धागा तुटला तर नखानं जोडणारे चौदा हात तिथं होते. पण उघडायची भीती सगळ्यांना, आत वीज असते, मंत्रासारखं काहीतरी असतं असं वाटायचं. स्क्रू पहिला काढला तो किनुएनं. आत मंत्र नव्हता, धूळ होती. तीस वर्षांची रेशमाची लव, उशीसारखी दाबून बसलेली.

"हे तर आपल्याच अंगावरचं," मुकाई म्हणाला.

लव काढली. खणाचं डोकं कापसाच्या काडीनं आणि औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटनं पुसलं. फुटलेल्या डब्या बदलायला तेरामाची रस्त्यावरच्या रेडिओवाल्या म्हाताऱ्याला बसवलं, त्यानं दुपारचं जेवण आणि दोन बाटल्या बियर एवढीच मजुरी घेतली. संध्याकाळी हिशेब लागला: दोन कंप्युटर कायमचे गेलेले, त्यांचे चांगले अवयव काढून उरलेल्या पाचांत बसवले, आणि ते पाच चालू झाले. एकूण खर्च दोन हजार सातशे येन. मेलेले दोन भंगारवाला फुकट न्यायला तयार नव्हता, उलट न्यायचेच पैसे मागत होता.

पण माणसं सात होती. आणि एक ऑक्टोबरनंतर पेढीनं फ्लॉपीच दिली नाही तर पाच चालू कंप्युटर म्हणजे कुंड्या ठेवायच्या पाच घडवंच्या.

"आपण चिठ्ठ्या टाकू," एक जण म्हणाला. "पाच जण राहतील, दोघांनी आपलं..."

"चिठ्ठ्या टाकायच्या असतील तर पेढीला टाकू द्या," किनुए म्हणाली. "तिचं काम मी का करू? तीस तारखेला माझी वेळ साडेदहाची आहे. सगळे चला."

"सगळे? एकदम?" मुकाईनं विचारलं.

"का, पाय दुखतात?"

तीस तारखेला साडेदहाला पेढीच्या लाकडी जाळीच्या दारात सात विणकर उभे होते. हातगाडीवर दोन मेलेले कंप्युटर, रेशमी मालावर घालतात त्याच जांभळ्या कापडात बांधलेले. सेगावानं दार उघडलं आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"वेळेचा काही गैरसमज झाला का? मुकाई-सान तर दोनचे."

"वेळ माझीच आहे," किनुए म्हणाली. "मी माणसं घेऊन आलेय."

"आज जरा अडचण आहे. टोकियोहून खरेदीदार आलेत. आपण उद्या—"

"उद्या एक तारीख आहे."

ती चपला काढून वर चढली. तिच्या मागून बाकीचे. दिवाणखान्यात चटयांवर ओबींचे पट्टे उलगडलेले, एका मोठ्या दुकानाचा खरेदीदार गुडघ्यांवर बसलेला, समोर पेढीचे धाकटे मालक. चाळिशीचा गुळगुळीत माणूस, बाप गेल्यावर गादीवर आलेला. मुकाईनं आणि तेरुयोनं कंप्युटर मध्यभागी ठेवले आणि गाठ सोडली. उलगडलेल्या रेशमाशेजारी ते उघडे पडलेले सांगाडे, आतडी काढलेल्या माशासारखे.

"हे काय?" धाकटे मालक म्हणाले.

"हे दोघं मेले," किनुए म्हणाली. "बाकी पाच आम्ही वाचवले."

सेगावा तिच्या कानाशी वाकला. "किनुए-सान, पाहुण्यांसमोर हे बरं दिसत नाही."

"ते माहीत आहे. बरं दिसावं म्हणून आणलेलेच नाहीत."

तिनं किमोनोच्या बाहीतून आपली फ्लॉपी काढून चटईवर ठेवली. मुकाईनं ठेवली. तेरुयोनं. एकामागून एक सात. नक्षी पेढीची, ती पेढीला परत. खरेदीदार पुढे झुकला. वसंतातल्या प्रदर्शनाचा अख्खा माल त्या सात मागांवर अर्धा विणलेला उभा होता, हे त्यालाही कळत होतं आणि मालकांनाही.

"घ्या तुमची नक्षी," किनुए म्हणाली. "माग उद्या कापून न्या. दुसरे विणकर शोधा. आमच्यात सगळ्यात तरुण मी आहे."

धाकटे मालक हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "काहीतरी गैरसमज आहे. नवे डबे तुम्हीच मागितलेत ना? सेगावानं सांगितलं, विणकरांची फार इच्छा आहे."

सेगावा चटईकडे बघत होता. हे खरं होतं का मालकाचं सोंग, किनुएला कळलं नाही आणि तिला त्याची पर्वाही नव्हती. खरं असेल तर त्यानं विचारलं नाही. सोंग असेल तर विचारायची गरजच नव्हती. दोन्हींत माग तिचाच कापला जाणार होता.

"एक सांगा," ती म्हणाली. "फ्लॉपीत नक्षी भरायला तुम्हाला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं. मागच्या खोलीत मशीन आहे."

"आणि खर्च?"

मालकांनी समोरचा पट्टा हातानं सारखा केला. मग म्हणाले, "तसा काही नाही."

"मग आठ लाख ऐंशी हजार कशाचे?"

 खरेदीदारानं आपला पेला खाली ठेवला. तो आवाज फार मोठा झाला. सेगावा म्हणाला, "डबेवाल्या कंपनीशी तसा करार... म्हणजे एका डब्यामागे पेढीला थोडी सवलत..."

"सवलत कुणाला?" तेरुयो म्हणाली. "आमच्या पोटावर पाय द्यायची तुम्हाला सवलत, असंच ना?"

धाकट्या मालकांचा चेहरा लाल झाला. मेलेल्या कंप्युटरांकडे न बघता ते खरेदीदाराकडे बघत होते, आणि खरेदीदार त्यांच्याकडे. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. फ्लॉपी चालू राहील. नव्या डब्याची सक्ती नाही. झालं?"

सहा डोकी वाकली. किनुए वाकली नाही.

"ज्यांचे हे दोन मेले त्यांना चालू कंप्युटर पेढीनं आणून द्यायचे. तेन्जिनच्या बाजारात पाच हजारांना मिळतात, सेगावा-सान स्कूटरवर घालून आणतील. आणि हे सगळं लिहून द्या."

"लिहून?" मालकांना खरोखर धक्का बसला. "किनुए-सान, शंभर वर्षांत ह्या पेढीनं विणकराला काही लिहून दिलेलं नाही. तोंडच्या शब्दावर चाललंय सगळं."

"हो. काय चाललं ते बघितलं आम्ही."

कागद आला, पेन आलं. मालकांनी मजकूर लिहिला. वरती लिहिलं: विणकर किनुए-सान यांस. तिनं वाचलं आणि कागद परत सरकवला.

"मी एकटी नाही."

"बरं. 'आणि इतर' असं घालतो."

"इतर कोण?"

पेन थांबलं. धाकट्या मालकांनी समोरच्या सहा चेहऱ्यांकडे बघितलं. ह्यातले काही त्यांच्या बापाच्या वेळेपासून त्यांच्यासाठी विणत होते. मग त्यांनी सेगावाकडे बघितलं. सेगावानं तोंड उघडलं.

"त्यांना नका विचारू," किनुए म्हणाली. "आम्हाला विचारा."

मग एकेक जण बोलला. तेरुयोनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, जणू शिवी देतेय अशा आवाजात. कर्ज काढायला निघालेल्या बाईनं सांगितलं, इतक्या हळू की मालकांना परत विचारावं लागलं. मुकाईनं घसा खाकरला आणि म्हणाला, "मुकाई किसाबुरो." किनुए ऐकत होती. एकतीस वर्षं भिंतीला भिंत, आणि ह्या माणसाचं नाव किसाबुरो आहे हे तिला ह्या परक्या दिवाणखान्यात कळत होतं. तिला त्या क्षणी सेगावाचा आला नव्हता इतका राग स्वतःचा आला, आणि तो राग गिळायची तिची तयारी नव्हती.

सात नावं लिहून झाली. लाल शिक्का उमटला. तिनं कागद घेतला, शाई ओली होती म्हणून घडी घातली नाही, तसाच हातात धरला. सातही जणांनी आपापली फ्लॉपी उचलली आणि दाराकडे वळले.

"अहो," सेगावा मागून म्हणाला. "हे दोन कंप्युटर राहिले. नेताय ना?"

"नाही," किनुए चपला घालत म्हणाली. "टाकायला पैसे पडतात."